खडकवासल्याचे आठ फूट

धरणाची भिंत न उंचावता धरणातील साठा वाढवता येईल का, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्याच्या पाटबंधारे अधिकाऱ्यांपुढे होता, आणि त्याचे खडकवासला धरणाच्या सांडव्यावर मिळालेले उत्तर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे होते. त्यांच्या दीर्घ कारकिर्दीत पुढे कृष्णराजसागर धरण, म्हैसूर संस्थानचे दिवाणपद आणि १९५५ साली भारतरत्न असे मोठे टप्पे आले व लोकस्मरणात तेच राहिले. तथापि अभियंता म्हणून त्यांची बुद्धी कशी चालत असे हे पाहायचे असेल, तर मुठा नदीवरील या कामाइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. बांधकामावर कोणकोणते भार येतात, ते कोणत्या मार्गाने पायापर्यंत उतरतात आणि त्या मार्गावरील प्रत्येक भाग ते पेलू शकतो की नाही, याचा हिशोब मांडणाऱ्या तज्ज्ञाला आज संरचना अभियंता म्हणतात. त्या काळी ही स्वतंत्र शाखा नव्हती. सरकारी बांधकाम खात्यातील अभियंत्यालाच कालवा, पूल, धरण आणि नळपाणी ही सारी कामे पाहावी लागत.

चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी गावी जन्मलेले विश्वेश्वरय्या बंगळूरमध्ये पदवी घेऊन म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीच्या पूर्वसूरी संस्थेत आले, १८८३ साली अभियांत्रिकीच्या परीक्षेत मुंबई इलाख्यात पहिले आले आणि १८८४ साली इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले. नाशिक आणि खानदेश ही त्यांची उमेदवारीची भूमी. धुळे भागात पांझरा नदीच्या पात्राखालून नळाने पाणी पलीकडे नेण्याचे अवघड काम त्यांनी तिथेच केले. सिंधमधील सक्करच्या पाणीपुरवठ्यानंतर ते पुण्यात आले, आणि खडकवासला धरण त्यांच्या अखत्यारीत आले.

रॉयल इंजिनिअर्समधील फाइफ यांच्या योजनेनुसार १८७० च्या दशकात पूर्णत्वास गेलेले खडकवासला धरण चुन्यात बांधलेल्या दगडांचे आहे, आणि इंग्रजी अमदानीत त्याच्या जलाशयाला लेक फाइफ असेच नाव होते. या जातीच्या धरणाला गुरुत्व धरण म्हणतात, कारण पाण्याचा आडवा रेटा ते केवळ स्वतःच्या वजनाच्या बळावर थोपवून धरते. रेटा भिंतीला खालच्या अंगाला उलथवू आणि सरकवू पाहतो, वजन तिला जागेवर दाबून ठेवते, आणि या दोहोंचे मिळून जे एकत्रित बल होते ते भिंतीच्या तळरुंदीच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यातून जावे असा नियम पाळला जातो. ते त्याबाहेर गेले तर पाण्याकडच्या अंगाला दगडी बांधकामात ताण निर्माण होतो, आणि चुन्याचे बांधकाम दाब उत्तम सोसत असले तरी ताण सोसण्यात ते फार दुबळे असते. हा नियम इंग्रजीत ठामपणे मांडणारे स्कॉटिश अभियंते रँकिन यांचे १८७२ मधील टिपण मुंबईच्या पाणीपुरवठ्याच्या निमित्ताने लिहिले गेले होते, हे महाराष्ट्रातील वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावे. या शास्त्राची जडणघडण युरोपात होत असताना त्याला प्रश्न पुरवणारी भूमी बऱ्याच अंशी सह्याद्रीच्या कुशीतली होती.

पाण्याची पातळी थोडीशी वाढली म्हणजे रेटाही थोडासाच वाढेल, असे सर्वसाधारण माणसाला वाटते. प्रत्यक्षात रेटा खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि भिंतीला उलथवणारा परिणाम तिच्या घनाच्या प्रमाणात. उदाहरणादाखल शंभर फूट खोल पाण्यात आठ फुटांची भर पडली तर खोली आठ टक्क्यांनी वाढते, पण रेटा सुमारे सतरा टक्क्यांनी आणि उलथवणारा परिणाम सुमारे सव्वीस टक्क्यांनी वाढतो. याचमुळे धरण उंच करायचे म्हटले की माथ्यावर चार थर चढवून भागत नाही, तळापासून भिंत जाड करावी लागते, आणि त्याचा खर्च जवळपास नव्या धरणाइतका होऊ लागतो.

विश्वेश्वरय्यांची दृष्टी सांडव्यावर गेली. सांडवा म्हणजे धरण भरल्यावर जादा पाणी वाहून जाण्यासाठी मुद्दाम ठेवलेला कमी उंचीचा भाग. मुठेला पूर आला की पाणी सांडव्याच्या माथ्यावर कित्येक फूट चढत असे, म्हणजे ती वरची पातळी धरण दर पावसाळ्यात काही काळ सोसतच होते. मात्र पूर ओसरताच तेवढे पाणी निघून जाई आणि शेतीला पाणी हवे त्या उन्हाळ्यात जलाशय सांडव्याच्या पातळीपेक्षा खालीच राही. पुराच्या वेळी पूर्ण उघडणारे आणि एरवी पाणी अडवून धरणारे दरवाजे सांडव्यावर बसवले, तर भिंतीवर येणारा कमाल भार न वाढवता साठा वाढणार होता, आणि त्यांच्या संपूर्ण कल्पनेचा कणा हाच आहे. अडचण होती ती दरवाजे वेळेवर उघडण्याची, कारण घाटमाथ्यावर ढगफुटीसारखा पाऊस झाला की मुठा काही तासांत फुगते, आणि काळोख्या पावसाळी रात्री माणसांनी एकेक जड लोखंडी दरवाजा उचलत बसावे इतका अवधी मिळेलच असे नाही.

म्हणून त्यांनी हे काम पाण्याकडेच सोपवले. प्रत्येक दरवाजा एका जड प्रतिभाराशी, म्हणजे तोलासाठी लावलेल्या वजनाशी, असा जोडलेला होता की दोन्ही जवळजवळ समतोल राहत. जलाशय ठरलेल्या पातळीवर पोहोचला की पाणी प्रतिभाराच्या हौदात शिरे, तोल बिघडे आणि दरवाजे आपोआप उघडत, तर पातळी उतरली की हौद रिकामा होऊन ते पुन्हा मिटत. १९०३ साली त्यांनी या रचनेचे पेटंट घेतले, आणि ती पहिल्यांदा खडकवासल्यालाच बसली. साठ्याची पातळी सांडव्यापेक्षा सुमारे आठ फूट वर गेली आणि उपयुक्त साठा सुमारे पाव हिश्श्याने वाढला. हेच दरवाजे पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा धरणावर आणि कृष्णराजसागरावर बसवले गेले.

त्याच सुमारास पुणे जिल्ह्यातील कालव्यांवर पाळीने, ठरावीक क्षेत्रात फेरपालटाची पिके घेऊन पाणी देण्याची ब्लॉक पद्धत त्यांनी आणली, तिला बागायतदारांचा विरोधही झाला. साठवलेले पाणी अधिक रानांपर्यंत पोहोचावे ही तिच्यामागची तळमळ मात्र दरवाज्यांमागच्या तळमळीहून वेगळी नव्हती.

१२ जुलै १९६१ रोजी खडकवासल्याच्या वरच्या अंगाला आंबी नदीवर बांधून होत आलेले पानशेतचे मातीचे धरण फुटले. त्याच्या विमोचकाचे, म्हणजे धरणातून पाणी सोडण्याच्या मार्गाचे काम अपुरे असताना जलाशय भरला, त्या मार्गावरचा भराव खचू लागला, आणि जवानांनी वाळूची पोती रचूनही तो टिकला नाही. पानशेतचे सारे पाणी खडकवासल्यावर आले आणि भिंतीच्या माथ्यावरून वाहू लागले. आठ फुटांचा वर सांगितलेला हिशोब इथे उलट्या दिशेने लागू पडतो, कारण ज्या पातळीसाठी भिंत कधीच योजली नव्हती ती पातळी गाठली गेली होती. तरीही ही दगडी भिंत काही तास उभी राहिली, आणि मग तिला खिंडार पडून पूर पुण्यात घुसला. विश्वेश्वरय्या तेव्हा शंभरीच्या घरात होते. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले. खिंडार बुजवून खडकवासला पुन्हा बांधून काढण्यात आले, आणि आज टेमघर, वरसगाव, पानशेत या धरणांसह त्याच्या साखळीवरच मुख्यतः पुण्याची तहान भागते.

जुन्या धरणाची ताकद कागदावरच्या मूळ आकड्यांवरून गृहीत धरता येत नाही. चुना झिजतो, गळती वाढते, आणि पायातून झिरपणारे पाणी भिंतीला खालून वर उचलू पाहते. १८९५ साली फ्रान्समधील बूझे धरण कोसळल्यानंतर या ऊर्ध्वदाबाकडे अभियंत्यांनी गांभीर्याने पाहिले, आणि फाइफ यांचे धरण तर त्याआधीचे आहे. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणी आणि स्वतंत्र तज्ज्ञांकडून सर्वंकष मूल्यमापन बंधनकारक केले आहे. पावसाळ्यात मुठेत किती क्युसेक विसर्ग सोडला हे पुणेकरांना तासातासाला कळते. धरणाच्या तपासणीत काय आढळले, हेही जलसंपदा विभागाने नदीकाठच्या रहिवाशांना सोप्या मराठीत दरवर्षी सांगावे.