कल्याणच्या कोळ्याचे नाव तुकाराम



आपल्या भागातली कितीतरी पोरं उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकडे नोकरीला आहेत. तिकडचं नाव काढलं की धुराडी, चाळी आणि लोकलची गर्दी डोळ्यांपुढे येते. पण त्याला लागूनच असलेल्या ठाणे-कल्याण परिसरात शास्त्रज्ञांना एक इवलासा कोळी सापडला. त्याची जगात कुठेच नोंद नव्हती. ध्रुव प्रजापती, सोमनाथ कुंभार, जॉन कॅलेब व राजेश सानप यांनी २०२१ साली ‘आर्थ्रोपोडा सिलेक्टा’ या रशियन नियतकालिकात त्याचे वर्णन प्रसिद्ध केले व नाव ठेवले ‘इसियस तुकारामी’.

हे तुकाराम म्हणजे सातारा जिल्ह्यातील जावली तालुक्यातले, केडंबे गावचे तुकाराम ओंबळे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ हातात नुसती काठी असताना त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरली ती सोडली नाही. त्यामुळेच तो जिवंत सापडला. २३ गोळ्या झेलणाऱ्या या वीराला हे नाव अर्पण केल्याचे शास्त्रज्ञांनी लेखातच नमूद केले आहे. सरकारने त्यांना मरणोत्तर अशोकचक्र दिले. शास्त्रीय नावात आडनाव आधी येते. ‘इसियस’ हे कुळीचे नाव, आणि ‘तुकारामी’ म्हणजे तुकारामाचा.

आता कोणी म्हणेल, कोळी तर घराघरात आहेत, नवा कसा ओळखला? रंगावरून ते कळत नाही. एकाच जातीचे नर-मादी वेगळे दिसतात आणि दोन जातींचे नर सारखे. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची जननेंद्रिये तपासावी लागतात. प्रत्येक जातीची ठेवण कुलपाच्या किल्लीसारखी निराळी असते. ती जुन्या नोंदींशी ताडून पाहायची, चित्रे काढायची आणि नमुना संग्रहालयात जपून ठेवायचा, म्हणजे पुढच्या माणसाला पडताळता येईल. आपल्या सात-बाराच्या नोंदीपेक्षा हे काम किचकट, पण तंटे कमी! जगात कोळ्यांच्या पन्नास हजारांवर जाती अशा नोंदल्या गेल्या आहेत.

हा कोळी उड्या मारणाऱ्यांपैकी आहे. ही मंडळी भक्ष्य धरायला जाळे विणत नाहीत. आठ डोळ्यांपैकी पुढचे दोन मोठे, त्यांनी नेम धरायचा व झेप घ्यायची. उडीआधी रेशमाचा धागा पानाला चिकटवतात, म्हणजे नेम चुकला तरी खाली पडत नाहीत. मागचे पाय ताठ होतात ते अंगातल्या रसाच्या दाबाने, जवळपास आपल्या हायड्रॉलिक ट्रॉलीसारखे.

या जातीचे भाऊबंद आपल्या उसातही असतात. पाचटात, पानाच्या बगलेत बारीक नजरेने पाहा. बोट जवळ नेलं की अंग वळवून तुमच्याकडेच बघतो, तो हाच. पायरिलाची पिल्ले व इतर बारीक किडे हे कोळी खातात. २००२ साली लोकरी मावा आला तेव्हा आपण पंप पाठीवर घेऊन सुटलो होतो, पण मावा आटोक्यात आणला तो डायफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींनी. सरसकट औषध मारले की मावा मरतो तसे हे राखणदारही मरतात. मावा पंधरवड्यात पुन्हा वाढतो, कोळ्याला मात्र अंडी घालून पिल्ले मोठी व्हायला महिने लागतात.

म्हणून फवारणीचा विचार आला की आधी चार-सहा ओळींत शिरून पाने उलटून बघा आणि कीड किती, कोळी किती, हे शेतकी खात्याच्या माणसाला दाखवा.