झडप आणि जमाखर्च

दापोली तालुक्यांतील बुरोंडीच्या किनाऱ्यावर तिन्हीसांजेला दिवे लागतात, त्याच सुमारास महाराष्ट्रांतील लक्षावधि घरांतहि दिवे लागत असतात. विजेची मागणी घटकाभरांत चढते. वीज ही भाताप्रमाणें कणगींत भरून ठेवण्याची वस्तु नव्हे. ती मोठ्या प्रमाणावर सांठविणें अजून महाग पडतें, म्हणून ज्या क्षणीं ती हवी त्याच क्षणीं ती निर्माण व्हावी लागते. त्या सांजवेळीं याच रत्नागिरी जिल्ह्यांत, चिपळूण तालुक्यांतील पोफळीच्या बाजूस, कोयनेच्या जनित्रांकडे पाणी सोडणाऱ्या झडपा अधिक उघडतात. बुरोंडीच्या दिव्यांतली वीज नेमकी कोयनेचीच असें म्हणतां येणार नाहीं, कारण सर्व केंद्रांची वीज एकाच जाळ्यांत मिसळते. परंतु झडप आणि दिवा यांचें नातें इतकें निकटचें आहे.

श्रोतेहो, आज मला सांगावयाचें आहे तें या दोहोंच्या मध्यें बसलेल्या तिसऱ्या वस्तूविषयीं, म्हणजे जमाखर्चाविषयीं. झडप हलविणारी यंत्रणा आणि हिशेब ठेवणारी यंत्रणा या दोन्ही आतां संगणकांच्या स्वाधीन आहेत. त्या एकमेकींना जोडाव्यात, आणि त्यापुढें जाऊन ज्याला क्लाउड म्हणतात त्या दूरच्या संगणकांशींहि जोडाव्यात, अशी खटपट वीजकेंद्रांतून, साखर कारखान्यांतून आणि औषधांच्या कारखान्यांतून चाललेली आहे. तार जोडावी कीं नाहीं हा वाद माझ्या मतें संपलेला आहे. ती जोडावीच लागते. तिच्यांतून काय जावें आणि कोणत्या दिशेनें जावें, हा खरा प्रश्न आहे.

या दोन यंत्रणांचे स्वभाव अगदीं भिन्न. जनित्राशेजारीं जो छोटा नियंत्रक असतो, त्याला पीएलसी म्हणतात. तो सेकंदाच्या अल्पशा अंशांत मापें वाचतो, ठरलेल्या नियमाप्रमाणें निर्णय करतो, हुकूम सोडतो आणि पुन्हां वाचूं लागतो. उशीर न करणें हाच त्याचा मुख्य गुण. एकदां बसविला कीं तो पंधरा-वीस वर्षें जागचा हलत नाहीं. हिशेबाच्या संगणकाला एक मिनिट उशीर झाला तरी कोणाचें अडत नाहीं. मात्र त्याचा एक आंकडा चुकला तर सारें अडतें. त्याच्यांत वरचेवर सुधारणा होतात आणि त्यासाठीं तो रात्रीं दोन तास बंद ठेवतां येतो. चालत्या जनित्राला मात्र दुरुस्तीसाठीं थांबावयास सांगतां येत नाहीं. या दोहोंच्या मध्यें स्काडा नांवाची व्यवस्था असते: ती नियंत्रकांकडून मापें गोळा करून चालकापुढील पडद्यावर मांडते आणि चालकाचा हुकूम खालीं पोंचविते.

आतां जोडणी कां हवी, हें कोयनेच्याच उदाहरणानें पाहूं. शिवसागर जलाशयाचें पाणी सह्याद्रीच्या पोटांतून कोंकणांत उतरवून त्यावर वीज करण्याची ही योजना १९६२ पासून वीज देत आहे, आणि सर्व टप्पे मिळून तिची शक्ति १९६० मेगावॅट आहे. पण हें पाणी मूळचें कृष्णेच्या खोऱ्यांतलें, पूर्वेकडे जाणारें; त्यावर खालच्या राज्यांचाहि हक्क. म्हणून कृष्णा पाणीतंटा लवादानें, ज्याला अध्यक्षांच्या नांवावरून बचावत लवाद म्हणतात, कोयनेंतून विजेसाठीं पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्याला वर्षाकांठीं ६७.५ अब्ज घनफूट अशी मर्यादा घातली. हें पाण्याचें वर्ष १ जूनला उघडतें व ३१ मेला मिटतें.

यांतली अडचण ध्यानांत घ्यावी. जनित्र किती चालूं शकतें, हें झडपेला ठाऊक आहे. किती चालवावें, हें मात्र वहीला ठाऊक. एप्रिल-मे महिन्यांत उकाडा वाढतो, पंखे फिरूं लागतात, मागणी शिगेला पोंचते, आणि नेमकें तेव्हांच वर्षाच्या वाट्यांतलें पाणी संपत आलेलें असतें. अशा वेळीं वही चार दिवस मागें राहिली, तर झडप निर्धास्तपणें उघडी राहील आणि शेजारच्या राज्याच्या वाट्याचें पाणी समुद्राकडे वाहून जाईल. तें परत डोंगरावर चढविणें सोपें नव्हे.

दुसरें कारण पैशाचें. २००५ मध्यें राज्य वीज मंडळाचें विभाजन होऊन वीज निर्माण करणारी महानिर्मिती, वाहून नेणारी महापारेषण आणि घरोघर देणारी महावितरण अशा कंपन्या झाल्या. पूर्वीं जें एका घरांतल्या एका खोलींतून दुसरींत जात होतें, त्याची आतां विक्री होऊं लागली. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून प्रत्येक भागांत कोणीं किती वीज द्यावी व कोणीं किती घ्यावी, हें आगाऊ ठरतें. ऐरोली येथील राज्य भारप्रेषण केंद्र त्यावर लक्ष ठेवतें. आणि ठरल्यापेक्षां कमीअधिक झाल्यास त्याचा भुर्दंड बसतो. दिवसाला ९६ वेळां मिटणारी वही हातानें लिहिणें शक्य नाहीं.

जोडणी म्हणजे केवळ तार ओढणें, असा पुष्कळांचा समज आहे. खरें कष्ट अर्थ लावण्याचे आहेत. नियंत्रकाजवळ नुसते आंकडे असतात. १९७९ मध्यें निघालेली आणि आजहि सर्वत्र वापरांत असलेली मॉडबस नांवाची भाषा घ्या. तिच्यांत समजा ४००१७ क्रमांकाच्या कप्प्यांत ६२१५ हा आंकडा आहे. हे ६२१५ किलोवॅट कीं ६२.१५ मेगावॅट? कीं एखाद्या धारव्याचें तापमान? कोणत्या यंत्राचें, किती वाजतांचें? आणि माप घेणारें उपकरण त्या वेळीं शुद्धीवर होतें ना? नांव, एकक, वेळ आणि खात्री, हीं चार लेणीं अंगावर चढल्यावांचून तो आंकडा वहींत बसविण्यालायक होत नाहीं. म्हणून मध्यें एक कालक्रमानें नोंदी ठेवणारा कोश घालतात. त्याला हिस्टोरियन, म्हणजे इतिहासकार, असें गोड नांव आहे. वहीनें जें विचारावयाचें तें या इतिहासकाराला विचारावें, नियंत्रकाला विचारून त्याच्या कामांत विक्षेप आणूं नये.

दुसरी एक युक्ति १९९९ मध्यें तेलाच्या नळांवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठीं निघाली. तिचें नांव एमक्यूटीटी. हर्णैच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव ज्यांनीं पाहिला आहे त्यांना ती चटकन कळेल. होडीवाला प्रत्येक गिऱ्हाइकाच्या दारीं जात नाहीं. तो माल एका जागीं उतरवितो, आणि ज्याला जें हवें तो तें तेथून नेतो. तसेंच यंत्र आपला आंकडा एका मध्यस्थाकडे टाकतें, आणि जमाखर्च, दुरुस्ती खातें किंवा क्लाउड, ज्याला गरज असेल तो तेथून उचलतो. या मध्यस्थाला ब्रोकर, म्हणजे चक्क दलालच, म्हणतात. तो दलाली मात्र घेत नाहीं.

क्लाउडचें काम थोडक्यांत सांगतां येईल. हा मेघ आकाशांत नसतो. मुंबई-पुण्याकडील मोठमोठ्या इमारतींत ओळीनें मांडलेले ते संगणक असतात. एखाद्या धारव्याची दहा वर्षांची थरथर ताडून तो केव्हां बिघडेल याचा अंदाज करणें, उद्यां ऊन व वारा किती मिळेल हें काढणें, अशा कामांना तेथें जागा आणि बळ भरपूर मिळतें. त्याच्याकडून झडप हलवून घेणें मात्र मला मुळींच मान्य नाहीं. मधली तार एका वादळांत तुटते, हें ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली तालुक्याला वेगळें सांगावयास नको.

आणि तार न तुटतांहि संकट येतें. युक्रेनमध्यें २३ डिसेंबर २०१५ रोजीं तीन वीजवितरण कंपन्यांच्या चालकांना आपल्या पडद्यावरील बाण आपोआप फिरतांना दिसला. परका हात एकामागून एक उपकेंद्रें बंद करीत होता. सुमारें सवादोन लाख ग्राहक अंधारांत गेले. चोर झडपेच्या बाजूनें आले नव्हते. कित्येक महिने आधीं कचेरींतील लोकांना आलेल्या साध्या टपालांतून ते हिशेबाच्या बाजूस शिरले होते आणि जोडणीच्या वाटेनेंच खालीं उतरले. कांहीं तासांत वीज परत आली ती माणसांनीं उपकेंद्रांवर जाऊन हातानें स्विच चढविल्यामुळें. आपल्याकडे २०१९ मध्यें कुडनकुळम् अणुवीजकेंद्राच्या प्रशासकीय संगणकांत असाच एक दुष्ट प्रोग्राम सांपडला. नियंत्रणाचे संगणक अलग असल्यानें त्यांना बाधा झाली नाहीं, असें अणुऊर्जा महामंडळानें जाहीर केलें. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं मुंबईची वीज गेली, तेव्हां राज्य शासनानें घातपाताचा संशय व्यक्त केला, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनीं मानवी चूक हें कारण सांगितलें.

यावर उपाय आहे. माहिती वर जावी, हुकूम खालीं येऊं नये, यासाठीं एकमार्गी जोडणी करतां येते. तिच्यांत एका टोकाला केवळ प्रकाश पाडणारें उपकरण असतें व दुसऱ्या टोकाला केवळ तो पाहणारें. उलट बोलावयास तोंडच ठेवलेलें नसतें. नदीच्या पाण्यानें उलटें डोंगरावर चढावें, तितकें तेथून परत येणें अशक्य. केंद्रीय विद्युत प्राधिकरणानें ऑक्टोबर २०२१ मध्यें काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत नियंत्रणयंत्रणा इंटरनेटशीं संबंध असलेल्या संगणकांपासून पूर्ण अलग ठेवण्यास सांगितलें आहे. यांत खर्च आहे आणि गैरसोयहि आहे. तरी ती सोसावी असें माझें मत आहे. मात्र अलगपणा दोन्ही बाजूंनीं हवा. मे २०२१ मध्यें अमेरिकेंतील कलोनियल कंपनीच्या कचेरींतले संगणक खंडणीखोरांनीं कुलुपबंद केले. इंधनाचे नळ शाबूत होते, तरीहि कंपनीनें ते बंद केले आणि पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. वही अंध झाली तरी कांहीं दिवस झडप चालवितां आली पाहिजे, त्या दिवसांचा हिशेब कागदावर ठेवतां आला पाहिजे, आणि तसा सराव वर्षांतून एकदां तरी करून पाहिला पाहिजे.

हें सर्व मोठ्या केंद्रांचें झालें. पण आतां घराघरांत स्मार्ट मीटर बसूं लागले आहेत, आणि भारतीय मानकाप्रमाणें त्या मीटरच्या पोटांतच वीज तोडणारा स्विच असतो. आजवर बिल थकलें तर वीज तोडण्यासाठीं माणूस दाराशीं यावा लागे. स्मार्ट मीटरचा हुकूम हिशेबाच्या संगणकाकडूनच निघूं शकतो. पोफळीच्या झडपेकडे येणारी जी वाट बंद ठेवण्यासाठीं एवढी खटपट करावयाची, तीच वाट येथें मुद्दाम उघडी ठेवलेली आहे. लाखों मीटरांना एकाच क्षणीं हुकूम गेला, तर घरें अंधारांत जातीलच, शिवाय मागणी एकदम कोसळून सबंध जाळ्याचा तोल जाईल. हा हुकूम किती जणांच्या संमतीनें सुटतो, एका तासांत जास्तींत जास्त किती मीटरांपर्यंत पोंचूं शकतो, आणि चुकून सुटला तर कोण कोठून परत घेतो, हें मीटर बसवावयास आलेल्या कंपनीला बुरोंडीच्या ग्राहकानेंहि विचारावें, आणि उत्तर लेखी मागावें.