अर्ध्या लिटरच्या पिशवीत पंचेचाळीस घोडे

आषाढवारीत माउलींची पालखी नातेपुत्याचा मुक्काम आटोपून माळशिरसकडे निघते, तेव्हा वाटेत पुरंदवड्याला गोल रिंगण होतं. अश्व सुटतो आणि त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडते. दौडीच्या त्या क्षणी हा घोडा किती हॉर्सपॉवरचा? ‘एक’ हे उत्तर चटकन तोंडावर येतं, पण ते खरं नाही. घोडा जीव खाऊन जोर लावतो तेव्हा काही सेकंद जवळजवळ 15 हॉर्सपॉवर देऊ शकतो, असा हिशेब 1993 साली ‘नेचर’ नियतकालिकात छापून आला होता. दिवसभर राबवला, तर मात्र एकच्या आसपास.

क्षणाचा आकडा वेगळा आणि दिवसाचा वेगळा, एवढं ध्यानात ठेवून आता यंत्रांकडे वळू.

एक हॉर्सपॉवर म्हणजे साधारण 75 लिटर पाणी एका सेकंदात एक मीटर उचलण्याची ताकद. शेतीच्या हिशेबात बैलजोडीही एका हॉर्सपॉवरचीच धरतात. तेहतीस फूट, म्हणजे दहा मीटर खोल विहिरीतून अशी खिलार जोडी सेकंदाला साडेसात लिटर पाणी काढील; दहा हजार लिटरचा टँकर भरायला तिला बावीस मिनिटं लागतील. त्याच कामाला 45 हॉर्सपॉवरचं इंजिन लावलं आणि मधे काहीच वाया गेलं नाही, तर टँकर अर्ध्या मिनिटात भरेल.

शर्यतीच्या क्वाड बाइकमध्ये, म्हणजे चार जाड टायरांच्या त्या उघड्या गाडीत, ही ताकद मावते तरी केवढ्या जागेत? यामाहाच्या वायएफझेड 450 आर या क्वाडचा सिलिंडर 95 मिलिमीटर रुंद आणि पिस्टनची धाव 63.4 मिलिमीटर. एकूण 449 सीसी. दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशवीपेक्षा कमीच.

त्याच्या शेजारी आपलं जुनं लिस्टर इंजिन ठेवून बघा. दोन मोठी चाकं, हँडल मारून चालू करायचं, आणि मग रात्रभर शिवारात भक्-भक्-भक्. सिलिंडर सुमारे 1400 सीसीचा, मिनिटाला 650 फेरे, ताकद 6 हॉर्सपॉवर. म्हणजे लिटरमागे चार. हिशेबासाठी क्वाड 9000 फेऱ्यांना 45 हॉर्सपॉवर देतं असं धरलं, तर लिटरमागे शंभर!

पण शाफ्टला बसणारा पीळ, म्हणजे टॉर्क, मोजला की पारडं फिरतं. लिस्टरचा 66 न्यूटन-मीटर, क्वाडचा अवघा 36. ताकद म्हणजे पीळ गुणिले फेरे. लिस्टर सेकंदाला पाच-साडेपाच धक्के देतं, ते बांधावर बसून कानाने मोजता येतात. क्वाडचे धक्के सेकंदाला 75; कानाला फक्त किंकाळी ऐकू येते.

ती किंकाळी फुकट मिळत नाही. 10,000 फेऱ्यांना पिस्टन मिनिटातून वीस हजार वेळा थांबतो आणि उलटा फिरतो. तरीही त्याचा सरासरी वेग ताशी 76 किलोमीटर पडतो. वरच्या टोकाला वळताना त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या चार हजार पटींहून जास्त ओढ येते. पाव किलोचा पिस्टन त्या क्षणी एक टनाहून जास्त ओढीने कनेक्टिंग रॉडला हिसका देतो. दोन खिलार बैल रॉडला लोंबकळल्यासारखं, आणि तेही सेकंदाला 166 वेळा! हवा म्हणाल, तर 9000 फेऱ्यांना हे इंजिन मिनिटाला दोन हजार लिटर ओढतं. विसाव्याला बसलेल्या अडीचशे-पावणेतीनशे वारकऱ्यांची अख्खी दिंडी मिळून तेवढा श्वास घेते.

इंजिन ‘बनवणाऱ्यां’चा सगळा खटाटोप हवा आणि फेरे या दोन आकड्यांसाठी असतो. कॅम बदलायचा, पोर्ट घासायचे, सायलेन्सर मोकळा करायचा, कशासाठी? जास्त हवा आत घ्यायची आणि जास्त फेरे मारायचे. कमाई किती झाली ते डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, कळतं. पॉलिटेक्निकला ज्यांनी रोप ब्रेकचं प्रात्यक्षिक केलंय, त्यांना युक्ती माहीत आहे: फिरत्या चाकाला अडवायचं आणि अडवायला किती जोर लागला ते मोजायचं. प्रोनीचा ब्रेक 1821 सालचा; विल्यम फ्राउडने 1877 मध्ये त्यासाठी पाणी वापरलं.

खरी गंमत डायनोचे दोन कागद शेजारी ठेवल्यावर सुरू होते. एकावर 46, दुसऱ्यावर 50. दुसरं इंजिन भारी? थांबा. पहिला आकडा चाकावर मोजलेला आणि दुसरा क्रँकवरचा असेल, तर साखळी-गिअरमध्ये गेलेली ताकद दुसऱ्यातून वजाच झालेली नाही. ट्रॅक्टर घेताना जाणता शेतकरी इंजिनच्या हॉर्सपॉवरबरोबर पीटीओचा, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या शाफ्टचा, आकडाही विचारतो, तो याचसाठी.

मग हवामान. नातेपुत्यात मे महिन्याच्या दुपारी 42 अंशांत हवा जितकी दाट असते, त्याहून ती थंडीतल्या 12 अंशांच्या पहाटे दहा टक्क्यांनी दाट असते. तेच इंजिन, तोच डायनो. 45 मध्ये दोन ते चार हॉर्सपॉवरचा फरक नुसत्या ऋतूने पडेल. हजारो रुपयांच्या सायलेन्सरने कधीकधी एवढंच मिळतं. म्हणून दुरुस्ती-गुणक लावतात. पण कोणत्या मानकाचा लावला ते कागदावर लिहिलेलं हवं.

एक खूणगाठ मात्र कायमची. आलेखात हॉर्सपॉवर आणि फूट-पाउंडातला टॉर्क एकाच मापाने काढले असतील, तर दोन्ही रेषा 5252 फेऱ्यांवर एकमेकींना छेदायलाच हव्यात. छेदत नसतील, तर कागद घडी करून परत द्यावा.

आणि शेवटी शिखराकडे नव्हे, शिखराच्या रुंदीकडे बघावं. 50 चा सुळका पाचशे फेऱ्यांत संपत असेल आणि 46 ची टेकडी तीन हजार फेरे टिकत असेल, तर वळणातून बाहेर पडताना टेकडीवालाच पुढे असतो. रिंगणात अश्व 15 हॉर्सपॉवरने डोळ्यांचं पारणं फेडतो, हे खरंच. पण आळंदीहून निघालेला माउलींचा रथ पंढरीच्या वेशीला पोहोचतो, तो एका हॉर्सपॉवरच्या बैलजोडीने.