विश्लेषण : पावसात सायकल चालवताना जॅकेट आतूनच का भिजते? कमी बजेटमध्ये टिकाऊ जॅकेट कसे निवडावे?

पावसाळा सुरू झाला की सायकलवरून ऑफिस, कॉलेज गाठणाऱ्यांपुढे एकच प्रश्न असतो. रेनकोट घातला तरी अंग ओलेच, नाही घातला तरी ओलेच. मग पैसे खर्च करायचे कशावर? दुकानात आणि ऑनलाइन विक्रीच्या अ‍ॅपवर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेली जॅकेट्स काही शे रुपयांपासून वीस हजारांच्या पुढेपर्यंत मिळतात. या किमतीतला फरक नेमका कशाचा, आणि महाराष्ट्राच्या पावसात त्यातला किती उपयोगी पडतो, हे समजून घेऊ.

‘वॉटरप्रूफ’ आणि ‘वॉटर रेझिस्टंट’ यात फरक काय?

लेबलवरचे हे दोन शब्द सारखे वाटतात, पण आहेत वेगळे. ‘वॉटर रेझिस्टंट’ किंवा ‘वॉटर रिपेलंट’ म्हणजे कापडावर पाणी टिकू न देणारा लेप. रिमझिमीत दहा-पंधरा मिनिटे तो काम करतो, मग कापड पाणी पिऊ लागते. ‘विंडचीटर’ म्हणून विकली जाणारी बहुतेक जॅकेट्स याच प्रकारातली. ‘वॉटरप्रूफ’ जॅकेटमध्ये कापडाच्या आतल्या बाजूला पाणी अडवणारा सलग थर असतो. स्वस्त जॅकेटमध्ये तो पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा लेप असतो. महागड्या जॅकेटमध्ये सूक्ष्म छिद्रांचा पातळ पडदा.

५,०००, १०,००० हे आकडे कशाचे?

वॉटरप्रूफ जॅकेटच्या लेबलवर बहुधा मिलिमीटरमध्ये आकडा असतो. चाचणीत कापडावर पाण्याचा दाब वाढवत नेतात आणि दुसऱ्या बाजूला तीन ठिकाणी थेंब फुटले की थांबतात. ५,००० मिलिमीटर म्हणजे पाच मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब त्या कापडाने झेलला. नुसत्या पडणाऱ्या पावसाचा दाब याच्या कितीतरी कमी असतो. पण पाठीवरच्या सॅकचे पट्टे जिथे दाबतात आणि वेगामुळे पाऊस जिथे समोरून आपटतो, तिथे दाब वाढतो. तासाभराच्या शहरी प्रवासाला ५,००० पुरेसे आहे. घाटातल्या लांब राइड करणाऱ्यांनी १०,००० बघावे. त्यापुढच्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्याची सायकलस्वाराला सहसा गरज नसते.

मग १०,००० चे जॅकेट घालूनही पाणी आत का येते?

कारण पाणी कापडातून कमी आणि शिवणीतून जास्त येते. सेंटीमीटरला तीन टाके धरले, तरी एक मीटर शिवणीत सुईची तीनशे छिद्रे पडतात. म्हणून चांगल्या जॅकेटमध्ये प्रत्येक शिवणीवर आतून उष्णतेने चिकटवलेली टेप असते. जॅकेट उलटे करून बघा. खांदा, काख, टोपी आणि चेनच्या कडेच्या शिवणींवर बोटभर रुंदीची सलग पट्टी दिसली पाहिजे. काही जॅकेट्समध्ये फक्त खांद्यावर टेप लावून बाकीच्या शिवणी मोकळ्या सोडलेल्या असतात. लेबलवरचा आकडा कापडाचा असतो, शिवणीचा नव्हे. त्यामुळे टेप नसलेल्या १०,००० पेक्षा पूर्ण टेप असलेले ५,००० कधीही चांगले.

‘ब्रीदेबल’ जॅकेटमध्ये घाम का येतो?

इथे किमतीचा खरा खेळ आहे. अमेरिकेत १९६९ मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीतला पदार्थ ताणून सूक्ष्म छिद्रांचा पडदा बनवला. त्यातूनच गोर-टेक्स हे नाव जगभर गेले. पाण्याचा थेंब या छिद्रांतून आत येऊ शकत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाऊ शकते, हे त्याचे तत्त्व. अशा कापडाची क्षमता ‘एका चौरस मीटरमधून २४ तासांत किती ग्रॅम वाफ बाहेर जाते’ या आकड्यात सांगतात.

आता हिशेब करू. १०,००० ग्रॅमच्या जॅकेटमधून तासाला चौरस मीटरमागे साधारण ४१५ ग्रॅम वाफ जाईल, तीही प्रयोगशाळेत. दमट हवेत जोरात सायकल मारणाऱ्याला तासाला पाऊण ते एक लिटर घाम सहज येतो आणि जॅकेटचे क्षेत्रफळ जेमतेम चौरस मीटरभर. म्हणजे निम्मा घाम आतच राहणार.

त्यात आपली हवा आणखी भर घालते. वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातल्या फरकामुळे. अंगाजवळ ३५ अंशांची दमट हवा धरली, तर तिथला बाष्पदाब ५.६ किलोपास्कल असतो. युरोपातल्या ८ अंशांच्या पावसात बाहेर तो सुमारे १ असतो, फरक ४.६ चा. मुंबई-पुण्यात जुलैमध्ये २५ अंश आणि ९५ टक्के आर्द्रता असेल, तर बाहेरच ३ असतो. फरक उरतो २.६ चा. वाफेला बाहेर ढकलणारा जोर जवळपास निम्म्यावर येतो. थंड देशांसाठी बनवलेले महागडे जॅकेट आपल्याकडे तेवढे ‘श्वास’ घेत नाही, ते यामुळे.

मग पैसे कशावर खर्च करावेत?

वाफ कापडातून जाणार नसेल, तर हवेला वाट द्यायला हवी. काखेखाली चेन, पाठीवर झडपेखाली जाळी, दोन्ही बाजूंनी उघडणारी पुढची चेन आणि सैल-घट्ट करता येणारे मनगट या चार गोष्टी आपल्या पावसात महागड्या पडद्यापेक्षा जास्त कामाच्या आहेत. चढावर चेन अर्धी उघडा, उतारावर बंद करा.

अपेक्षाही बदलायला हवी. कोकणात किंवा मुंबईत तासभर सायकल चालवून पूर्ण कोरडे राहणे कोणत्याच जॅकेटला जमत नाही. जॅकेटचे मुख्य काम आहे वारा अडवून अंगाची ऊब टिकवणे. ओल्या अंगाने लोणावळा किंवा महाबळेश्वरचा घाट उतरताना दहा मिनिटांत बोटे आखडतात आणि ब्रेक नीट दाबता येत नाही. तिथे वारा अडवणारे साधे जॅकेटही मोठा फरक पाडते.

मोटारसायकलचा रेनकोट चालेल का?

चालेल, पण अडचणी आहेत. पीव्हीसीचा रेनकोट पाणी शंभर टक्के अडवतो, पण घामही शंभर टक्के आत ठेवतो, शिवाय वजनदार असतो. पाँचो तर टाळाच. तो वाऱ्यात शिडासारखा फुगतो आणि टोक चाकात अडकू शकते.

सायकलचे जॅकेट मागून लांब असते, कारण पुढे वाकल्यावर कंबर उघडी पडते. बाह्याही लांब असतात. दुकानात घालून बघताना सरळ उभे राहू नका. हॅंडल धरल्यासारखे हात पुढे करून वाका. मनगट झाकले जाते का, पाठ झाकली जाते का, पोटावर कापडाचा फुगा होत नाही ना, हे पाहा. टोपी हेल्मेटच्या आत बसणारी हवी. मान वळवल्यावर ती डोळ्यांवर येत असेल, तर मागून येणारी गाडी दिसणार नाही. काढून ठेवता येणारी टोपी उत्तम.

रंगही महत्त्वाचा. मळत नाही म्हणून काळा घेतला, तर मुसळधार पावसात ट्रकचालकाला तुम्ही दिसत नाही. दिवसा भडक पिवळा किंवा नारिंगी, रात्री पाठीवर आणि बाह्यांवर चमकणाऱ्या पट्ट्या हव्यात.

घडी लहान हवी की कापड टिकाऊ?

दोन्ही एका मर्यादेपर्यंतच मिळते. कापडाची जाडी डेनियरमध्ये मोजतात. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनियर. २० डेनियरचे जॅकेट मुठीएवढे होते, पण सॅकच्या पट्ट्यांनी खांद्यावर लवकर झिजते. ७० च्या पुढचे टिकते, पण सॅडलबॅगेत मावत नाही. रोजच्या वापरासाठी ४० ते ७० डेनियर, पॉलिस्टर किंवा नायलॉन आणि ३०० ते ४०० ग्रॅम वजन हा चांगला मध्य. स्वतःच्याच खिशात घडी होऊन पाण्याच्या बाटलीएवढे झाले, तर ते सायकलच्या बाटलीच्या स्टँडमध्येही बसते.

स्वस्त-महाग ठरवताना सीझनचा हिशेब करा. समजा, ६०० रुपयांचा कोट दरवर्षी फाटतो आणि १,८०० रुपयांचे टेपवाले जॅकेट चार पावसाळे टिकते. दुसरे वर्षाला ४५० रुपयांत पडते. त्यातून वाचलेल्या पैशांत आधी मडगार्ड बसवा. चाकावरून उडणारा चिखल पाठीवर येत असेल, तर जॅकेट कितीही भारी असून उपयोग नाही.

जॅकेट जास्त काळ कसे टिकेल?

पीयू लेपाचा सर्वांत मोठा शत्रू पाऊस नव्हे, दमट कपाट आहे. उष्ण आणि ओलसर हवेत हा लेप हळूहळू विघटित होतो, चिकट होतो आणि पापुद्रे सुटतात. म्हणून ओले जॅकेट घडी करून ठेवू नका. सावलीत पूर्ण वाळवा आणि पावसाळा संपल्यावर घडी न घालता हँगरला टांगून ठेवा. घाम आणि चिखल लगेच साध्या पाण्याने धुवा. सौम्य साबण चालतो, फॅब्रिक कंडिशनर मात्र नको.

बाहेरून पाण्याचे मोती होणे थांबले, म्हणजे जॅकेट गेले असे नाही. वरचा पाणी झटकणारा लेप तेवढा झिजलेला असतो. तो स्प्रेने पुन्हा देता येतो. शिवणीची टेप सुटली, तर सीम सीलर नावाचा गोंद मिळतो. पण आतला थर हाताला चिकट लागू लागला, तर दुरुस्ती नाही. सेलमध्ये जुना साठा घेताना म्हणूनच आधी जॅकेट उलटे करून आतून हात फिरवा.