मोटारीची गाळणी जागा बदलते तेव्हा

मोटारीचं इंजिन हा पुरुषांचा प्रांत, असं म्हणून आपण मोकळ्या होतो. पण दुरुस्तीचं बिल लिहिलं जातं ते घरखर्चाच्याच वहीत! म्हणूनच सुट्टीत हिंगोलीला आलेल्या आमच्या भाच्याने जेव्हा जाहीर केलं, "मामी, गाडीचा ऑइल फिल्टर काढून दुसरीकडे बसवणार आहे," तेव्हा मी कान टवकारले. आहे त्या जागेवर त्याचं काय वाईट चाललं होतं?

त्याची गाडी जुनीच, पण शर्यतीच्या नादापायी तिच्यात बरेच फेरफार केलेले. इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या त्याने जाड, वेगळ्या वळणाच्या बसवल्या आणि फिल्टर नेमका त्यांच्याआड गेला. ऑइल बदलताना हात आत जाईना. गेलाच तर फिल्टर उघडताना तेल त्या तापलेल्या नळ्यांवर सांडायचं. तापलेल्या लोखंडावर तेल, म्हणजे आगीला आमंत्रणच. तेव्हा अडचण खरी होती. आपल्या घरच्या साध्या गाडीत मात्र फिल्टर हाताला लागत असेल, तर या भानगडीत पडूच नये, हे माझं स्पष्ट मत. गाडी वॉरंटीत असेल तर मुळीच नाही, आणि असे फेरफार केलेच तर विमा कंपनीला कळवलेलं बरं.

आता हा फिल्टर म्हणजे काय? तर आपली चहाची गाळणी! डब्याच्या आत साडीच्या निऱ्यांसारखा घडी घातलेला कागद असतो. इंजिनातलं तेल पंपाच्या जोराने त्यातून जातं आणि धूळ, काजळी, धातूचे बारीक कण मागे राहतात. पूर्वीच्या मोटारींना ही सोयच नव्हती. अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड यांनी १९२३च्या सुमारास ती आणली.

फिल्टर दूर बसवणं हेही काही आजचं नवल नाही. विलीजच्या परवान्यावर महिंद्र कंपनीने मुंबईत जोडलेल्या जुन्या पेट्रोल जीपा ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना इंजिनाच्या बाजूला उभा असलेला तो डबा आणि त्याला जोडलेल्या नळ्या आठवतील. फरक एवढाच, की त्या जीपेत थोडंसंच तेल डब्यातून फिरून यायचं, बाकीचं परस्पर इंजिनाला मिळायचं. भाच्याच्या गाडीत सगळंच तेल नळ्यांतून जाऊन परत येणार. नळी फुटली किंवा वाट अडली, की इंजिन उपाशी!

सामान तसं थोडकं. फिल्टर काढलेल्या जागी बसणारी एक चकती, दोन नळ्या, आणि मोकळ्या जागी फिल्टर धरणारी बैठक. चकती बसवण्याआधी जुन्या फिल्टरची रबरी कडी इंजिनाला चिकटून तर राहिली नाही ना, हे बोट फिरवून पाहायचं. कडीवर कडी बसली की तेल गळालंच म्हणून समजा.

खरी मेख आहे ती नळ्यांच्या जोडणीत. फिल्टरचं तोंड पाहा: कडेने लहान भोकांचं कडं, मधोमध आट्यांचं एक मोठं भोक. मळकं तेल कडेने आत शिरतं, गाळलेलं मधून बाहेर येतं. कडेच्या भोकांवर आतून रबरी पडदा असतो. तो तेल आत घेतो, उलट जाऊ देत नाही. आता चकतीवर आणि बैठकीवर 'इन', 'आउट' कोरलेलं असतं. साधा माणूस काय करील? 'इन'ला 'इन' जोडील. तिथेच घात! चकतीच्या 'आउट'मधून निघालेलं तेल बैठकीच्या 'इन'मध्ये जायला हवं. उलटं जोडलं तर तो पडदा वाट अडवतो आणि बेअरिंगं कोरडी घासून काही मिनिटांत इंजिन जाम होतं. मी मिस्त्रींना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "बाई, म्हणून तर नळ्यांवर आधीच खडूनं खुणा करतो."

नळी कसली? तर गरम तेलाचा दाब सोसणारीच. पाण्याची किंवा साधी पेट्रोलची नळी चालत नाही. आपल्या प्रेशर कुकरची शिट्टी वाजते तेव्हा आत साधारण १ किलोचा दाब असतो. गाडी पळताना तेलाचा दाब ४-५ किलोपर्यंत जातो, आणि सकाळी थंड इंजिनात त्याहून जास्त. कुकरचं झाकण उडालं की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नकोच! नळी धुराच्या नळ्यांपासून लांब हवी, पत्र्याच्या कडेला घासायला नको, आणि इंजिन हादरतं म्हणून थोडी सैलही हवी. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, आणि गाडीच्या टोपणाखाली तर भट्टीच असते. फिल्टरही चाकाने उडालेले दगड लागतील इतका खाली नको.

मग नव्या फिल्टरच्या रबराला तेलाचं बोट लावायचं, आणि रबर टेकल्यावर हाताने साधारण पाऊण फेरा आवळायचा. पाना लावून नव्हे. गाडी मात्र लगेच सुरू करायची नाही. इंजिन पेट घेणार नाही अशी तजवीज करून स्टार्टर थोडा थोडा फिरवायचा, म्हणजे रिकाम्या नळ्यांत तेल भरतं. समोरचा लाल तेलदिवा विझला, की मगच इंजिन चालू. चालू केल्यावर दिवा काही क्षणांत विझला नाही तर ताबडतोब बंद करा. हा दिवा स्वयंपाकघरातल्या तेलाच्या झारीसारखा दिसतो. रस्त्यात तो लागला, तर 'गावात गेल्यावर पाहू' म्हणायचं नाही. गाडी कडेला घ्यायची.

नळ्यांतही तेल मावतं, म्हणून नेहमीच्या मापाहून थोडं जास्त लागतं. इंजिन बंद करून पाच मिनिटांनी पट्टी बुडवून पाहावी, कमी असेल तेवढंच घालावं. टॉर्च घेऊन सगळे जोड पाहावेत, आणि दोन-चार दिवस गाडी फिरवून पुन्हा एकदा.

काढलेलं काळं ऑइल मात्र गटारात ओतू देऊ नका. झाकणाच्या डब्यात भरून गॅरेजमध्येच परत द्या. वापरलेलं ऑइल गोळा करणारे तिथून घेऊन जातात.