परवाना देशाचा, पत्ता मात्र नव्या गावाचा

नगर जिल्ह्यात परराज्यांतून येऊन राहणाऱ्यांची संख्या लहान नाही. नागापूर आणि सुपे येथील औद्योगिक वसाहती, लष्कराची प्रशिक्षण केंद्रे, वाहन संशोधन करणारी 'व्हीआरडीई' आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ या निमित्ताने इंदूर, हैदराबाद, बेळगाव किंवा सुरतहून कुटुंबे येथे येतात. घर लागते, गॅसची जोडणी होते, मुलांचे शाळाप्रवेश होतात. मग एखाद्या चौकात वाहतूक पोलीस गाडी थांबवतो आणि खिशातील परवान्यावर दुसऱ्याच राज्याचे नाव दिसते. हा परवाना येथे चालतो का? तो 'बदलून' घ्यावा लागतो का? की नवाच काढावा? या प्रश्नांवर शेजारीपाजारी जितके सल्ले मिळतात, तितकी माहिती मात्र मिळत नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३ नुसार शिकाऊ अथवा पक्का, कोणताही परवाना संपूर्ण भारतात ग्राह्य असतो. मध्य प्रदेशात दिलेला परवाना नगरच्या दिल्ली गेटपाशीही तितकाच वैध आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या नातलगांचा अनुभव वेगळा असतो. तेथे परवाना त्या त्या राज्याचा असतो आणि राज्य बदलले की ठरावीक दिवसांत नवा परवाना घ्यावा लागतो. कॅलिफोर्नियात तर ही मुदत अवघी दहा दिवसांची आहे. भारतात तसे बंधन नाही, कारण परवान्याचे नियम ठरविणारा कायदा केंद्राचा आहे आणि तो देशभर एकच आहे.

गोंधळ होतो तो परवाना आणि वाहन यांची गल्लत केल्यामुळे. मोटार वाहने हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहे, परंतु वाहनांवरील कर राज्यांच्या सूचीत आहे. त्यामुळे माणसाचा परवाना देशभर चालतो, गाडीचा कर मात्र राज्याच्या सीमेपाशी अडतो. परराज्यात नोंदलेले वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवल्यास कलम ४७ नुसार येथील नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र आणून महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. वाहनमालकाचा पत्ता बदलल्यास तीस दिवसांत कळविण्याचे बंधनही कलम ४९ मध्ये, म्हणजे वाहनाच्या नोंदणीसंबंधी आहे. वारंवार बदली होणाऱ्या शासकीय व लष्करी कर्मचाऱ्यांसाठी, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी २०२१ मध्ये 'बीएच' मालिका सुरू झाली ती याच अडचणीवर उपाय म्हणून. परवान्याचा या साऱ्याशी संबंध नाही.

मग परवान्यावरील पत्ता बदलायचाच कशाला? परवान्याचे स्मार्ट कार्ड आता टपालाने घरपोच येते आणि ते नोंदीतील पत्त्यावरच जाते. नूतनीकरण करून घेतलेले कार्ड इंदूरच्या जुन्या भाड्याच्या घरी गेले, तर ते परत पाठविले जाण्याचीच शक्यता अधिक. पत्त्याचा पुरावा म्हणूनही जुना परवाना निरुपयोगी ठरतो. म्हणून येथे काही वर्षे राहण्याचा विचार असेल, तर पत्ता बदलून घेणे शहाणपणाचे.

पद्धत कशी?

संगणकीकरणापूर्वी हे काम जिकिरीचे होते. मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र आणल्याशिवाय नवे कार्यालय दाद देत नसे आणि त्यासाठी रजा टाकून जुन्या गावी जावे लागे. आता देशभरातील परवान्यांच्या नोंदी 'सारथी' या संगणकप्रणालीत आहेत. 'परिवहन'च्या संकेतस्थळावर 'सारथी' विभागात महाराष्ट्र राज्य निवडावे, परवान्याचा क्रमांक व जन्मतारीख भरावी आणि आपली नोंद दिसते का, हे पाहावे. नोंद दिसली की पत्ताबदलाचा अर्ज भरता येतो. मात्र बराच जुना, हाताने लिहिलेला पुस्तिकेच्या स्वरूपातील परवाना असेल आणि त्याची नोंद प्रणालीत नसेल, तर ती मूळ कार्यालयाकडूनच करून घ्यावी लागते. हे काम जुने गाव सोडण्यापूर्वी केले तर हेलपाटा वाचतो.

पत्त्याचा पुरावा म्हणून आधार, मतदार ओळखपत्र, पारपत्र किंवा आयुर्विम्याची पॉलिसी यांपैकी कागद चालतो. केंद्राने मार्च २०२१ मध्ये आधारच्या प्रमाणीकरणावर ज्या अठरा सेवा कार्यालयात न जाता देण्याचे ठरविले, त्यांत परवान्यावरील पत्ता बदलणे आणि चाचणीची गरज नसलेले नूतनीकरण या दोन्ही सेवा आहेत. या मार्गाने अर्ज करताना माहिती आधारवरूनच घेतली जाते. त्यामुळे आधी आधारवरील पत्ता आणि भ्रमणध्वनी क्रमांक बदलावा, मग परवान्याकडे वळावे. हा क्रम चुकला की अर्ज अडकतो. २०१६ च्या अखेरीस सुधारलेल्या केंद्रीय नियमांत पत्ताबदलाचे शुल्क दोनशे रुपये आणि स्मार्ट कार्डाचे आणखी दोनशे रुपये ठेवण्यात आले. कोणतीही वाहनचाचणी द्यावी लागत नाही. हे माहीत असले की दलालाने सांगितलेला आकडा कितपत रास्त आहे, हे ज्याचे त्याला ठरविता येते.

नगर जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असल्याने येथे दोन परिवहन कार्यालये आहेत. नगरचे एमएच-१६ आणि श्रीरामपूरचे एमएच-१७. संगमनेर, कोपरगाव, राहाता, अकोले या उत्तरेकडील तालुक्यांतील रहिवाशांचे कार्यालय श्रीरामपूर आहे. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. परंतु शहराचे नाव बदलल्याने कोणाच्या परवान्याची मुदत संपत नाही.

दुसरा परवाना नको

काही जण 'नवे राज्य, नवा परवाना' म्हणून जुना तसाच ठेवून येथे शिकाऊ परवान्यापासून सुरुवात करतात. ही मोठी चूक होय. कलम ६ नुसार एक परवाना अमलात असताना दुसरा बाळगण्यास मनाई आहे. लष्करात सरकारी वाहने चालविण्यासाठी कलम १८ खाली दिलेला परवाना हा त्याला अपवाद आहे. आता सर्व नोंदी एकत्र दिसत असल्याने दुसरा परवाना लपून राहण्याची शक्यताही कमी झाली आहे.

खरी मेख मुदतीची

स्थलांतराच्या धांदलीत दुर्लक्ष होते ते परवान्यावरील तारखेकडे. पूर्वी मुदत संपल्यानंतरही तीस दिवस परवाना अमलात राही. २०१९ च्या दुरुस्तीने ही सवलत काढून टाकली. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीपूर्वी एक वर्ष आणि मुदतीनंतर एक वर्ष, या काळात चाचणीविना करता येतो. त्यानंतर मात्र पुन्हा चाचणी द्यावी लागते. येथे अनेकांची फसगत होते. मुदतीनंतरचे एक वर्ष हे अर्ज करण्यासाठी आहे, गाडी चालविण्यासाठी नव्हे. मुदत संपलेल्या परवान्यावर गाडी हाकणे म्हणजे वैध परवान्याविना हाकणेच. त्यासाठी कलम १८१ मधील दंड याच दुरुस्तीने पाचशेवरून पाच हजार रुपये झाला आहे आणि तीन महिन्यांपर्यंत कारावासाचीही तरतूद आहे.

दंडापेक्षा गंभीर प्रश्न विम्याचा. अशा अवस्थेत अपघात झाला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते. जखमी झालेल्या त्रयस्थाला भरपाई मिळावी, परंतु योग्य प्रकरणी कंपनीला ती रक्कम वाहनमालकाकडून वसूल करता यावी, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वर्णसिंग खटल्यात दिला. एका विसरलेल्या तारखेपायी घरदार गहाण पडण्याची वेळ येऊ शकते, ती अशी.

सुदैवाने नूतनीकरणासाठी मूळ गावी जाण्याची गरज नाही. कोणतेही परवाना अधिकारी ते करू शकतात आणि मूळ कार्यालयाला कळविण्याची जबाबदारीही कायद्याने त्यांच्यावरच टाकली आहे. पत्ताबदल आणि नूतनीकरण दोन्ही येथेच उरकता येतात. चाळिशी ओलांडलेल्यांनी वैद्यकीय प्रमाणपत्र सोबत ठेवावे, एवढेच. सामानाची खोकी उघडण्यापूर्वी खिशातला परवाना काढून त्यावरची तारीख एकदा वाचून घ्यावी. पत्ता बदलण्यास चार महिने उशीर झाला तर फारसे बिघडत नाही, पण तारीख उलटून एक दिवस गेला तरी बिघडते.