रस्त्याची पट्टी कोण भरतं?

आज रस्त्याच्या पैशाबद्दल बोलू.

मागं आम्ही वेल्ह्याकडच्या एका बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. बैठक तीनची, सुरू झाली साडेचारला, कारण निम्म्या जणी फाट्यावर वडापची वाट बघत उभ्या होत्या. खरं तर कर्जाचा विषय होता, पण निघाला रस्त्याचा. एक आजी म्हणाल्या, "सरकारकडं पैसा नाही म्हणत्यात ना, मग आपणच पट्टी काढू. जत्रंची काढतो तशी." सगळ्या हसल्या, आम्हीही हसलो. परतताना मात्र आमच्या लक्षात आलं की आजींचं बोलणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. जगात काही ठिकाणी अगदी तसंच करतात.

जत्रेची पट्टी कशी असते बघा. आधी देवळात बैठक होते. तमाशा किती दिवस, पालखीचा खर्च किती, मांडव कुणाचा, हे ठरतं. मग उंबऱ्यामागं किती काढायचे ते ठरतं. जत्रा झाली की जमा-खर्च वाचून दाखवतात. एखाद्या वर्षी हिशेब वाचला नाही, तर पुढच्या वर्षी पट्टी देताना लोक हात आखडता घेतात. कुणी कायदा शिकवलेला नाही, पण कशासाठी, किती आणि कुठं खर्च झाले, हे तीन प्रश्न प्रत्येक गावाला विचारता येतात.

अमेरिकेत लॉस एंजेलिस नावाचा जिल्हा आहे, वस्ती सुमारे एक कोटी. तिथं रेल्वे, बस आणि रस्ते यांसाठी पैसा कमी पडत होता. नोव्हेंबर २००८ मध्ये निवडणुकीच्या मतपत्रिकेवर उमेदवारांच्या नावांबरोबर एक प्रश्नही छापला गेला: जिल्ह्यात होणाऱ्या विक्रीवर अर्धा टक्का जादा कर, ३० वर्षांसाठी, हो की नाही? म्हणजे शंभराच्या खरेदीवर पन्नास पैसे. कुठल्या मार्गाला किती रक्कम, याची यादी आधीच केलेली होती. जमलेल्या पैशातला १५ टक्के वाटा गावागावांच्या नगरपालिकांना त्यांच्या स्वतःच्या रस्त्यांसाठी द्यायचा, हेही त्यातच होतं. खर्चावर नजर ठेवायला निवृत्त न्यायाधीशांची वेगळी समिती. अशा कराला तिथं दोनतृतीयांश मतं लागतात. सुमारे ६८ टक्के लोकांनी हो म्हटलं आणि कर लागू झाला.

चार वर्षांनी, २०१२ मध्ये, मुदत वाढवून द्या म्हणून पुन्हा विचारलं. तेव्हा ६६ टक्क्यांच्या थोडं वर मतं पडली आणि ठराव पडला. शंभरात सहासष्ट जण हो म्हणत असतानाही कर वाढला नाही! २०१६ मध्ये आणखी अर्ध्या टक्क्याचा ठराव मांडला, तो मात्र सुमारे ७१ टक्क्यांनी पास झाला.

आपल्याकडं असं करावर मतदान होत नाही. कर बसवायचा तर विधानसभा किंवा संसदेनं कायदा करावा लागतो आणि विक्रीवरच्या कराचे, म्हणजे जीएसटीचे दर, केंद्र आणि सगळ्या राज्यांची मिळून जी परिषद आहे तिथं ठरतात. पण माणसाला नव्हे, प्रश्नाला मत देणं आपल्याला अगदीच नवीन नाही. दारूच्या दुकानासाठी आडवी बाटली की उभी बाटली, हे मतदान महाराष्ट्रातल्या बायकांनी केलेलं आहे. तिथली अटही कडक आहे. मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे, तर एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. घरी बसलेली प्रत्येक बाई तिथं उभ्या बाटलीच्याच बाजूला मोजली जाते.

तर मग रस्त्याची पट्टी आपण भरतच नाही का? भरतो, रोज भरतो. १९९ रुपयांचं मोबाइल रिचार्ज मारलं, तर त्यात साधारण ३० रुपये कर असतो. अर्धा केंद्राचा, अर्धा राज्याचा. अंगाच्या साबणावर आधी १८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला. सॅनिटरी पॅडवरचा कर बायकांनी आवाज उठवल्यावर जुलै २०१८ मध्ये पूर्ण गेला. वडापच्या भाड्यातही कर आहे, कारण डिझेलवर केंद्राचा कर, राज्याचा कर आणि रस्त्यांसाठीचा वेगळा उपकर आहे. रोजंदारीवर जाणारी बाई आणि फार्महाउसवाला, दोघंही साबणाच्या वडीवर सारखाच कर भरतात. लॉस एंजेलिसच्या करालाही हाच दोष आहे. विक्रीवरचा कर गरिबाच्या पिशवीला जास्त जड होतो.

फरक इतकाच की आपल्या त्या ३० रुपयांवर कुठल्याच कामाचं नाव नसतं. ते सरकारच्या मोठ्या तिजोरीत जातात आणि तिथून कशालाही निघतात. नाव असलेला पैसा आपल्याकडं कधी नव्हता का? होता, आणि तो किस्सा आपल्याच राज्याचा आहे.

१९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या बायका अजून आपल्या गावांत आहेत. त्या काळातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी त्याआधी, १९६५ मध्ये, सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला तिचा प्रयोग करून पाहिला होता. मागेल त्याला काम, बाईला आणि पुरुषाला सारखी मजुरी, लहान मूल असलेल्या बाईसाठी कामावर पाळणाघर. कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पण पैसा? त्यासाठी १९७५ मध्ये पगारदार आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला. त्याशिवाय मोटारगाड्यांवर, शहरातल्या दुकान-कचेऱ्यांच्या इमारतींवर, बागायती जमिनीवर आणि विक्रीकरावरही जादा आकारणी केली. जेवढं या करांतून जमेल, तेवढीच भर सरकारनं घालायची असं ठरलं. एकट्यानं नाही भागलं तर भावानं तेवढेच घालायचे, तसं.

आपल्या बाजूनं याकडं बघितलं की मजा वाटते. भाटघर धरण भोरमध्ये, पण पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणकडं जातं. जलाशयाच्या काठच्या गावांना पलीकडचं गाव डोळ्यांसमोर दिसतं आणि तिथं पोहोचायला वळसा घालावा लागतो. मग बागायतीवाल्यानं आणि मुंबईच्या नोकरदारानं कोरडवाहू गावाच्या कामासाठी थोडं द्यावं, हा हिशेब आम्हाला रास्त वाटतो. त्या पैशातून पाझर तलाव झाले, बांधबंदिस्ती झाली आणि मुरमाचे रस्तेही झाले.

पण त्या निधीचं एक दुखणं होतं. करावर नाव होतं, हिशेब मात्र गावात वाचला जात नव्हता. कामाची मागणी गावातून झाली नाही की पैसा वरच्या वर साचून राहायचा. व्यवसाय कर आजही कापला जातो. एप्रिल २०२३ पासून महिन्याला २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना त्यातून सूट आहे. तुमच्या सुनेला पुण्यात नोकरी असेल, तर तिच्या पगाराच्या पावतीवर एकदा नजर टाका.

मग लॉस एंजेलिससारखं जिल्हाभर मतदान व्हावं, असं म्हणायचं का? बैठकीत दोघी-तिघींनी हेच विचारलं. आम्हाला त्यात धोका दिसतो. २०११ च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाख होती. वेल्हे तालुक्याची ५५ हजारांच्याही आत. जिल्ह्यानं मत दिलं तर पैसा मेट्रोला आणि उड्डाणपुलांना जाईल आणि केळद-पासलीकडच्या वाडीनं साबणावर भरलेला जादा कर परत वर येणार नाही. लोकसंख्येच्या मापाचा चटका आपल्याला आधीच बसलाय. २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत साध्या भागासाठी ५०० वस्तीची अट होती. डोंगरी राज्यं आणि आदिवासी भागासाठी ती २५० होती. डोंगर आपल्याकडंही आहे, पण राज्य डोंगरी नाही! पाच-पंचवीस उंबऱ्यांच्या वाड्या त्या मापात बसणार कशा?

म्हणून मतदानापेक्षा आम्हाला त्यातली यादी आणि हिशेब जास्त मोलाचे वाटतात, आणि ते मागायला नवा कायदा लागत नाही. आधी रस्ता कुणाचा ते ओळखायचं. गावठाणातला रस्ता ग्रामपंचायतीचा. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेचे. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे. हे माहीत नसलं की आपण सरपंचाशी भांडतो आणि सरपंच हात वर करतो, कधी खरोखर, कधी सोयीनं.

ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घ्यायचीच, असं कायदा सांगतो. बऱ्याच गावांत ती कागदावर होते आणि सह्या घरी येतात. त्या सह्या करू नका. सभेला जा आणि गावच्या विकास आराखड्यात रस्त्याचं काम नावानिशी लिहून घ्या. 'रस्ते सुधारणे' असं मोघम नको, कुठून कुठपर्यंत ते हवं. जे काम ग्रामपंचायतीच्या हातातलं नाही, त्याचा ठराव जिल्हा परिषदेकडं पाठवायला लावा आणि ठरावाची नक्कल गटाच्या फायलीत ठेवा. खर्च विचारायचा असेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहे. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तीही नाही, उत्तर ३० दिवसांत यायला हवं.

आणि बसचं विसरू नका. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे. उरलेलं अर्धं सरकार एसटीला देतं, म्हणजे तेही करातूनच. पण अर्ध्या तिकिटाचा फायदा बस येईल तिथंच. जिथं रस्ता खचला म्हणून फेरी बंद होते, तिथल्या बाईनं तो कर भरला आणि वर वडापला पूर्ण भाडंही दिलं. अकरावीला भोरला किंवा नसरापूरला जाणारी पोर संध्याकाळची गाडी नाही म्हणून घरी बसवली जाते, तेव्हा खड्ड्याची किंमत खडी-डांबरात मोजून चालत नाही. वरंध घाट पावसाळ्यात बंद होतो तेव्हा बातमी येते. वाडीची फेरी बंद झाल्याची बातमी येत नाही, ती आपणच लिहून ठेवायची. कुठल्या तारखेला, किती दिवस, किती मुलींची शाळा बुडाली. अर्ज करताना ही वही कामाला येते.

त्या आजींच्या गटानं एक काम ठरवलंय, ते तुम्हालाही सांगतो. ग्रामसडक योजनेच्या रस्त्याच्या तोंडाला पाटी असते. तिच्यावर लांबी, खर्च, ठेकेदाराचं नाव आणि काम पूर्ण झाल्याची तारीख असते. पुढं पाच वर्षं देखभाल त्याच ठेकेदाराकडं असते. प्रत्येक गटानं आपल्या रस्त्याची पाटी वहीत उतरवून आमच्याकडं पाठवा. पाटी वेलींत झाकली असेल तर वेल काढा. पाटीच नसेल तर तसं लिहा. पुढच्या भागात आलेल्या सगळ्या पाट्या, गावांच्या नावांसकट, वाचून दाखवू.